झाडाला तीनशे लिंबं

मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा दुसऱ्या गावात होती आणि मधे ओढा होता, म्हणून मला घरी बसवलं. लग्न होऊन श्रीगोंदा तालुक्यातल्या या गावात आले, तेव्हा आमच्या आळीत लिहिता-वाचता येणारी बाई मी एकटीच होते. त्याचा उपयोग कुणाला नव्हता. पत्र आलं तर आमचे हे वाचायचे. मला चारचौघांत तोंड उघडायला जमायचं नाही. पाणवठ्यावर बायका म्हणायच्या, हिच्या नवऱ्याचं बरं हाय, हुंडा बी मिळाला आन् शांतता बी. मी हसायचे, घागर भरायचे आणि निघायचे.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात मामंजी, हे, मी आणि धाकटे दीर. जमीन म्हणाल तर माळावर दहा एकर मुरमाड, तिच्यात बरा पाऊस झाला तर बाजरी. आणि ओढ्याच्या कडेला दीड एकर, त्यात विहीर आणि लिंबोणीची चाळीस झाडं. मामंजींनी जवानीत ती विहीर स्वतः खणली होती आणि झाडंही स्वतः लावली होती. आमचं घर त्या दीड एकरावर चालायचं. कपडालत्ता, मीठमिरची, भाऊजींचं पुण्याचं शिक्षण, सगळं लिंबांतून यायचं. लिंबं तोडायची, पोत्यात भरायची आणि बाजारच्या दिवशी गाडीत घालून तालुक्याला न्यायची, हे माझं आणि ह्यांचं काम. ती मोजायचं काम माझं एकटीचं. बाजारात लिंबं शेकड्यावर जायची आणि माझं मोजणं कधी चुकायचं नाही.

भाऊजी पुण्याला इंजिनिअरिंगच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. मोठ्या दुष्काळाच्या आदल्या दिवाळीत ते घरी आले, ते कातडी डबीतली मापाची फीत आणि एक जाड वही घेऊन. त्यांना त्या वर्षी एक नवा विषय होता, जमिनीची आणि इमारतींची किंमत कशी काढायची हा. प्रत्येक मुलानं एक मालमत्ता निवडायची, मोजायची, तिची किंमत काढायची आणि अहवाल लिहून द्यायचा. बाकीच्या मुलांनी पुण्यातले बंगले घेतले होते, एकानं तर सिनेमाचं थिएटर घेतलं होतं. भाऊजींच्या ओळखीचा बंगलेवाला कोणी नव्हता. त्यांनी आमचं घर, विहीर आणि बाग घेतली.

जेवायला बसल्यावर त्यांनी आम्हाला सगळं समजावून सांगितलं. घराचं असं, की आज तेच घर बांधायला किती पैसे लागतील ते काढायचं आणि जेवढी वर्षं झाली तेवढा घसारा त्यातून वजा करायचा. झिजून झिजून वस्तूची किंमत उतरते त्याला घसारा म्हणतात. दुसऱ्या दिवशी ते भिंत मोजत होते तेव्हा शेजारचा म्हातारा ओट्यावर येऊन बसला.

"इंजनेर, आमच्या म्हातारीचा घसारा काढ की जरा. साठ वर्सं झाली बांधकामाला."

आतून म्हातारीनं उत्तर दिलं, "त्येच्या आदी मालकाचा काढ म्हनावं. पाया खचलाय."

भाऊजी हसले आणि मीही पदर तोंडाला लावून हसले. ती दिवाळी चांगली गेली. नंतरच्या दिवसांत मला ती फार आठवायची.

बागेचं गणित वेगळं होतं. बाग वर्षाला किती देते ते विचारायचं, खर्च वजा करायचा, आणि जे उरेल त्याला इतक्या इतक्या वर्षांनी गुणायचं. म्हणजे झाडं पुढं जेवढं देणार ते सगळं आजच एका आकड्यात येतं. हे मला फार नवलाचं वाटलं. मी विचारलं सुद्धा, "भाऊजी, आणि मधे झाड मेलं तर?" ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही कॉलेजात पाहिजे होतात. सरांनीही हेच विचारलं."

एवढ्या एका वाक्यावर मी दोन दिवस उडत होते. त्यांनी मला फितीचं टोक धरायला दिलं, आणि एक मोठा कागद दिला. ते मोजतील ते मी लिहायचं. विहिरीची खोली, पाण्याची उंची, भिंतींची जाडी, झाडाचा घेर, झाडाचं वय. माझं अक्षर गोल आहे. शाळा सुटल्यापासून मी इतकं लिहिलं नव्हतं.

मग बागेत, विहिरीच्या काठावर बसून, भाऊजींनी वही मांडीवर घेतली आणि मामंजींना विचारलं, "आबा, एका झाडाला वर्षाला किती लिंबं येतात?"

मामंजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "कुठली येत्यात. अडीचशे-तीनशे म्हन."

भाऊजींनी ह्यांच्याकडं पाहिलं. हे म्हणाले, "व्हय, तीनशेच्या आतबाहेर."

मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं, कारण मोजणारी मी होते. आणि मी मान हलवली. कागदावर माझ्या गोल अक्षरात लिहिलं, झाडाला तीनशे लिंबं.

खरा आकडा हजाराच्या वर होता. विहिरीजवळच्या झाडांना बाराशे-तेराशेसुद्धा यायची. आम्हा तिघांनाही ते माहीत होतं.

आम्ही ठरवून खोटं बोललो नाही. हे कुणाला पटायचं नाही, पण तसंच आहे. त्या वर्षांत ज्वारीची लेव्ही द्यावी लागायची, म्हणजे पिकातला वाटा सरकारला सरकारच्या भावानं घालावा लागायचा. तलाठी यायचा, वही उघडायचा, आणि वही उघडली की गावातला कुठलाही माणूस निम्म्याखाली आकडा सांगायचा. पोती दहा झाली असतील तर चार. हे मुलांनासुद्धा शिकवावं लागत नसे. आणि माझी आई तर कोंबडीनं किती अंडी घातली ते शेजारणीलाही सांगायची नाही. म्हैस किती दूध देते, झाडाला किती फळ लागलं, हे बोललं की दृष्ट लागते. त्यामुळं भाऊजींनी विचारलं आणि आमच्या तोंडून तीनशे निघालं. ते निघाल्यावर आम्ही त्याच्याबद्दल आपसांत बोललोसुद्धा नाही. खोटं बोलल्यासारखं वाटलंच नव्हतं, मग बोलायचं काय?

उन्हाळ्यात भाऊजी पास झाले. अहवालाला कॉलेजात चांगले मार्क मिळाले होते. निळ्या पुठ्ठ्यात शिवलेला, पहिल्या पानावर सरांची लाल सही. तो त्यांनी मामंजींच्या हातात दिला. मामंजींना अक्षरओळख नव्हती आणि आतलं सगळं इंग्रजीत होतं, फक्त शेवटी माझा तो मराठी कागद जोडलेला. मामंजींनी अहवाल कपाळाला लावला आणि पेटीत सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ठेवला. येईल त्याला काढून दाखवायचे. म्हणायचे, "आमच्या बागंवर पुस्तक लिवलंय पोरानं."

त्या वर्षी पाऊस झाला नाही. आदल्या वर्षीही बेताचाच होता, पण बहात्तरला काहीच झालं नाही. माळावरची बाजरी वीतभर वाढून वाळली. श्रावणातच विहिरीचा तळ दिसायला लागला. दिवाळीनंतर गावात दुष्काळी काम निघालं. पाझर तलाव बांधायचा होता. ओढ्यावर बांध घालायचा, म्हणजे पुढं पाऊस झाला की पाणी अडेल, जमिनीत मुरेल, गावच्या विहिरींना येईल. सगळ्यांना पटण्यासारखंच होतं. मग एक दिवस माणसं आली आणि पाणी कुठवर येणार त्याच्या खुणा चुन्यानं मारून गेली. चुन्याची रेघ आमच्या बागेच्या वरच्या अंगानं गेली. विहीर आणि चाळीसच्या चाळीस झाडं रेघेच्या आत.

मामंजी त्या रेघेपाशी बराच वेळ उभे राहिले. मग एवढंच म्हणाले, की गावाला पाणी मिळत असेल तर आडवं येऊन चालायचं नाही, पण पैसे नीट मिळाले पाहिजेत.

बांधाच्या कामाला आम्ही दोघंही जायचो. दुसरं काम कुठं नव्हतं. मी पाट्या वाहायचे. हजेरीच्या मस्टरवर अंगठे चाललेले असायचे, मी सही करायचे तर मुकादम म्हणायचा, या मास्तरीणबाई. दुपारी खायला सरकारी सुकडी मिळायची. संध्याकाळी सुटल्यावर गावात टँकरनं आलेल्या पाण्यातलं उरलंसुरलं, भांडी धुतलेलं, अंघोळीचं, दोन घागरी करून बागेत न्यायची आणि झाडांच्या आळ्यांत ओतायची. चाळीस झाडांना पुरणार कुठून, म्हणून आळीपाळीनं द्यायचे. दिवसा मी तो बांध वाढवत होते आणि संध्याकाळी त्या बांधामुळं बुडणारी झाडं जगवत होते. बायका विचारायच्या, कशाला मरतीस? मी म्हणायचे, भरपाई ठरवणारे साहेब बघायला येणार आहेत, झाडं हिरवी दिसली पाहिजेत. ते खरंच होतं. पण साहेब नसते आले तरी मी पाणी घातलं असतं.

पैशांची गोष्ट अशी होती. कालव्याच्या बाजूला एका ओळखीच्या माणसाची दोन एकर जमीन विकायची होती, तयार विहिरीसकट. तो मुलाकडं मुंबईला चालला होता. ह्यांनी जाऊन त्याला शब्द दिला, की तलावाचे पैसे आले की घेतो, उन्हाळाभर थांबा. तो थांबायला तयार झाला. बागेचे नीट पैसे मिळाले असते तर ती जमीन आमची झाली असती, आणि पाच-सहा वर्षांत तिथं पुन्हा लिंबोणी लागली असती. नाही तर मुरमाड माळ होताच.

साहेबांची माणसं बाग बघायला आली तेव्हा झाडांची निम्मी पानं गळालेली होती. विहिरीत चिखल. त्यांनी झाडं मोजली, विहीर मोजली. जाताना त्यांच्यातल्या एकानं सांगितलं, उत्पन्नाचा काही कागद असला तर भरपाईच्या अर्जाला जोडा. बाजारच्या पावत्या, काही पण. पावत्या आम्ही कधी ठेवल्याच नव्हत्या. पावती म्हणजे पुन्हा कुणाला तरी आकडा कळणार.

मामंजी घरात गेले आणि पेटीतून निळं पुस्तक घेऊन आले. त्यांनी ते दोन्ही हातांनी त्या माणसाला दिलं. "पुन्याच्या कालिजात तपासलेलं हाय," म्हणाले. "मोट्या मास्तराची सही हाय."

मी दारातच उभी होते. माझा कागद त्या पुस्तकात शेवटी आहे हे मला माहीत होतं. त्यावर काय लिहिलंय हेही माहीत होतं. पण त्या क्षणी मला ते आठवलं नाही. मला फक्त त्या लाल सहीचा अभिमान वाटला. हे मी जसं होतं तसं लिहिते आहे.

चैत्रात नोटीस आली. ह्यांनी वाचली, पुन्हा वाचली आणि मला दिली. बागेचा आकडा इतका कमी होता, की कालव्याकाठची अर्धी जमीनसुद्धा आली नसती. कुणाची हरकत असली तर अमुक दिवशी तालुक्याच्या कचेरीत हजर राहून सांगावी, असं खाली होतं.

भाऊजींना तेव्हा नुकतीच नगरला सरकारी नोकरी लागली होती, अजून कायम नव्हती. निरोप गेल्यावर ते रविवारी आले. ओट्यावर बसून त्यांनी आकडेमोड केली. अर्ध्या तासानं म्हणाले, की साहेबांचं गणित बरोबर आहे. माझ्या अहवालातलाच आकडा घेतलाय, झाडं तीच, लिंबं तीच, वर्षंही बरोबर लावलीत.

मग ह्यांनी खाली बघत सांगितलं, की तीनशे नव्हती, हजाराच्या वर होती.

भाऊजींनी आमच्या तिघांकडं पाळीपाळीनं पाहिलं. "मी घरचा ना? माझ्याशी कशाला कमी सांगितलं?"

मामंजी म्हणाले, "वही घिऊन बसला हुतास तू. वहीम्होरं खरं बोलायची सवय न्हाई आमाला."

भाऊजी चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, की कचेरीत मी येतो आणि माझा अहवाल चुकला असं लिहून देतो. हे म्हणाले, तुझ्या नोकरीचं बघ. तरी भाऊजी हरकतीच्या दिवशी रजा टाकून आले.

तालुक्याला आम्ही एस.टी.नं गेलो. मलाही नेलं होतं, कारण मोजणारी मी. मी वाटभर मनात एकच घोकत होते. हजाराच्या वर साहेब, विहिरीजवळच्यांना बाराशे. हजाराच्या वर साहेब, विहिरीजवळच्यांना बाराशे. शाळेत पाढे म्हणायचे तसं.

कचेरीत खूप माणसं होती, अनेक गावांची. दुपारी आमचं नाव पुकारलं. साहेब वयस्कर होते, चेहऱ्यावरून दमलेले दिसत होते. वाईट नव्हते. भाऊजींनी सांगितलं, मी अहवालात उत्पन्न कमी धरलं होतं, चूक माझी आहे. साहेबांनी पुस्तक उघडून चाळलं. म्हणाले, की अहवाल तर चांगला केलाय तुम्ही, तुमची चूक कुठं आहे? तुम्ही तर घरच्यांनी दिलेला आकडा घेतलाय. त्यांनी शेवटचं पान उलटलं आणि माझा कागद बाहेर काढला.

"हे कुणाचं अक्षर?"

हे म्हणाले, हिचं. साहेबांनी मला पुढं बोलावलं. टेबलाशी जाऊन मी उभी राहिले. शेजारी कारकून बसला होता. त्यानं नवं पान काढलं, टाक दौतीत बुडवला आणि वर धरला.

"बाई, घाबरू नका," साहेब म्हणाले. "लिंबं तुम्हीच मोजायच्या ना? मग खरं सांगा. चांगल्या वर्षी एका झाडाला किती लिंबं येत होती?"

मी त्या टाकाकडं बघत होते. माझ्या मागं दारात आमच्या गावचे दोघं-तिघं उभे होते, त्यांच्याही जमिनी जायच्या होत्या. मामंजी खोकले.

मी म्हणाले, "तीनशे."

साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली. बहुतेक मी आणखी काही बोलेन असं त्यांना वाटलं असावं. मग त्यांनी कारकुनाला खूण केली आणि त्यानं लिहून घेतलं. मला सही करायला सांगितली. मी सही केली.

का, ते मला आजही सांगता येत नाही. भीती म्हणावी, तर साहेब धाकात घेत नव्हते. भाऊजींचं वाईट होईल असं वाटलं, तर ते मला नंतर सुचलं, तेव्हा नाही. आकडा तोंडात तयार होता आणि ओठांपाशी येईपर्यंत तो बदलला. मला तो बदलताना कळलासुद्धा.

बाहेर आल्यावर हे एस.टी.च्या थांब्याकडं पुढं चालत गेले. भाऊजी नगरच्या गाडीत बसले. परत येताना मामंजी माझ्या पुढच्या बाकावर होते. खूप वेळानं, मागं न वळता, ते म्हणाले, "मी बी त्येच सांगितलं असतं, पोरी."

मला तेव्हा रडू आलं.

पुढचं थोडक्यात लिहिते. कालव्याकाठची जमीन दुसऱ्यानं घेतली. मिळालेल्या पैशांतून माळावर एक विहीर खणून बघितली, तिला पाणी लागलं नाही. हे साखर कारखान्यात हंगामी कामाला लागले आणि तिकडेच राहायला लागले, वर्षातून सहा महिने. मामंजी माळावर बाजरी करत राहिले. बाग गेल्यावर ते चार वर्षं होते. भाऊजी नोकरीत वर चढले. लोकांच्या जमिनींच्या किमती काढायचंच काम त्यांना लागलं. ते म्हणे आकडा विचारायच्या आधी वही बंद करून पिशवीत ठेवायचे, चहा मागायचे आणि मग विचारायचे. हे मला त्यांच्या बायकोनं सांगितलं. ते स्वतः माझ्याशी त्या दिवसाबद्दल कधी बोलले नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात तलाव भरला. गावातल्या विहिरींना खरंच पाणी आलं. लिंबोणीला मुळाशी पाणी साठलेलं सोसत नाही. झाडं उभ्या उभ्या पिवळी पडली आणि मग काळी झाली. पाणी उतरलं की उन्हाळ्यात त्यांचे शेंडे दिसायचे.

एक राहिलं. कचेरीतून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले नाही. सकाळीच पाटी घेऊन बागेत गेले. झाडांवर दुष्काळातलं थोडं फळ होतं, लहान लहान, कातडी जाड झालेली. विहिरीच्या काठचं जे झाड, ज्याच्या आळ्यात माझ्या घागरी जास्त पडल्या होत्या, ते मी पुरं उतरवलं. काटे लागून हात रक्तानं भरले. खाली बसून मी लिंबं मोजली. शेकडा झाला की मातीत एक काडी रोवायची. चार काड्या झाल्या आणि वर अकरा उरली. त्या वाळत चाललेल्या झाडाला, तसल्या वर्षी, चारशे अकरा.

मामंजी कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. ते काड्यांकडं बघत होते.

"किती भरली?"

मी खरा आकडा सांगितला. त्यांनी वाकून एकेक काडी उपटली आणि पायानं माती सारखी केली.

"बरं," म्हणाले. "कुनाला सांगू नगंस."